चार नंबर खराब

कळंबेबाबूंची सायकल आपल्या गल्लीत वळू नये, असं पांढुर्ण्यातल्या बायका उघड बोलून दाखवत. माणूस वाईट नव्हता. अख्ख्या गावात त्यांच्याबद्दल वाकडं बोलणारा शोधून सापडला नसता. पण ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, आणि ज्यांच्या घरी फोन नाही अशांसाठी कुणाच्या मरणाची खबर बाहेरगावाहून आली, की ती सांगायला शिपायाला न धाडता स्वतः जायचे. भर दुपारी ते सायकल हातात धरून चालत आले की दारात तांदूळ निवडणाऱ्या बायका सूप उचलून आत व्हायच्या. कित्येकदा ते बिचारे नुसते भाजीला निघालेले असत. तरी सूप आत जायचंच.

मी मूळची सौंसरची. ऐंशीच्या सुमारास मला पांढुर्ण्याला ऑपरेटरची नोकरी लागली आणि माझी खुर्ची त्यांच्या शेजारी आली. उंच, जरासे वाकलेले, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा आणि डोक्यावर हेडफोनच्या पट्टीने पाडलेला कायमचा भांग. बोलणं इतकं हळू की समोरच्याला आपोआप गप्प व्हावं लागे. पहिल्या दिवशी मी घाबरून तीन ठिकाणी चुकीच्या जोडण्या केल्या. ते म्हणाले, "होते, बाई. माणसाले चुकीचा माणूस भेटला तर तोही काही तरी बोलतेच." ही चेष्टा होती हे मला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं.

तेव्हा पांढुर्ण्याहून नागपूर थेट लागत नसे. आधी कॉल बुक करायचा, मग आपली पाळी येईपर्यंत फोनपाशी बसून राहायचं, आणि पाळी आली की आम्ही बोर्डावर दोरी खुपसून दोन माणसं जोडून द्यायची. नागपूरकडे जाणाऱ्या लाइनी चार. म्हणजे एका वेळी चारच जणांनी बोलायचं, बाकी गावाने वाट पाहायची. त्यातही चौथ्या लाइनीच्या भोकाखाली पत्र्याची एक चकती टांगलेली होती, तिच्यावर लिहिलेलं: खराब.

"बाबूजी, ही चार नंबर कधीपासून खराब आहे?" मी विचारलं.

"तुम्ही यायच्या आधीपासून."

"दुरुस्त नाही होत का?"

"सारंच कायले दुरुस्त करा लागते, बाई?" एवढं बोलून ते कामाला लागले. मीही पुन्हा विचारलं नाही. सरकारी कचेरीत एखादं यंत्र वर्षानुवर्षं खराब असणं यात विचारण्यासारखं काय होतं?

लाइनींच्या बाबतीत ते महाकंजूष. लांबण लावणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. कोणी फोनवर "अजून काय म्हणता" असं म्हणालं की ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. त्याचा अर्थ, या माणसाचं बोलणं संपलेलं आहे, आता तोड. त्यांचं एक म्हणणं होतं, "लाइन म्हणजे रस्ता नोहे, बाई, दम आहे. पुरवून वापरावा लागते." संत्र्याचा एक मोठा व्यापारी एकदा तणतणत एक्स्चेंजमध्येच आला. त्याच्या आधी मोहगावच्या एका म्हातारीचा नंबर होता, नागपूरच्या दवाखान्यात शेवटच्या घटका मोजणाऱ्या मुलाशी बोलायचा. व्यापारी म्हणाला, "बाबू, माझा माल सडून राहिला."

"बसा नं," कळंबेबाबू म्हणाले. "तिचा मुलगा काय टिकून राहणार आहे का?"

व्यापारी बसला. म्हातारी बोलली. ते वाक्य गमतीचं नव्हतं, एवढं मात्र मला तेव्हाच जाणवलं.

आता राम रामचं सांगते, कारण त्याची भीती मला पुढे कितीतरी वर्षं राहिली. नागपूरच्या बोर्डावर मेश्राम नावाचे जुने ऑपरेटर होते. मी त्यांना कधी पाहिलं नाही, आवाज तेवढा ओळखीचा. कॉल देता घेता ते मधेच म्हणायचे, "कळंबेबाबूंना माझा राम राम सांगा." मी सांगायची. कळंबेबाबू हेडफोन काढून ठेवायचे आणि मागच्या खोलीत जायचे. तिथे यंत्रांची कपाटं होती आणि भिंतीवर जामसावळीच्या मारुतीची तसबीर. आतच तारा तपासायचा एक फोन होता, आणि थोड्या वेळाने त्यावर कुठूनशी त्यांना नागपूरची लाइन मिळालेली असायची. सगळ्या लाइनी भरलेल्या, गाव वाट बघत बसलेलं, आणि यांचं बोलणं चालू. मग ते बाहेर यायचे, सायकल काढायचे आणि कुठल्यातरी गल्लीत वळायचे.

इकडून जायच्या कॉलचंही तसंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दोन काठांवरची माणसं एकमेकांवर दगड फेकतात त्या गोटमारीत, जाम नदीच्या पात्रातून एका पोराला डोकं फुटलेल्या अवस्थेत उचलून आणलं. नागपूरच्या दवाखान्यात आधी कळवायचं होतं आणि एकही लाइन मोकळी नव्हती. त्याचा काका दारात उभा होता. कळंबेबाबू त्याला घेऊन आत गेले, आणि तिथल्या फोनवर लाइन लागली. पोरगं वाचलं. तेव्हापासून गावात बोलवा झाली की कळंबेबाबू मारुतीपुढे हात जोडतात आणि त्यांच्या हाताला लाइन लागते. मी शिकलेली, पण मीही ते अर्धं खरं धरून चालले होते. राम राम म्हटलं की कुणीतरी जाणार, हे तर मी डोळ्यांनी बघत होते. माझी आई सौंसरला आजारी होती त्या दिवसांत मेश्रामांचा आवाज आला की ते राम राम म्हणायच्या आतच मी घाईने कॉल जोडून टाकायची.

कळंबेबाबूंना एकच मुलगी, मंदा. लग्नाआधी ती वडलांचा डबा घेऊन यायची आणि माझ्याजवळ टेकायची. बोलकी पोर, पण दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्याने काळीज कमजोर केलेलं. आईचा विषय तिनेच एकदा काढला. आई माहेरी सौंसरला गेली होती, तिथे एकाएकी अत्यवस्थ झाली. मामाने इकडे फोन लावला, तोही नागपूरवरूनच फिरून यायचा, पण लाइन काही मोकळी होईना.

"बाबा इथंच बसून होते, ताई," मंदा म्हणाली. "त्या दिवशी ते संत्र्याचे भाव जोडून राहिले होते. आईनं मरेपर्यंत विचारलं म्हणे, आले का, आले का."

तिने हे डब्याची झाकणं लावता लावता सांगितलं.

मंदा लग्न होऊन नागपूरला गेली. डॉक्टरांनी मूल होऊ देऊ नका म्हटलं होतं, आणि तरी दिवस गेले. कळंबेबाबूंनी ही बातमी मला दिली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद शोधावा लागला. बाळंतपणात रक्त लागणार हे धरूनच चालले होते, आणि तिचा रक्तगट असा की सहजासहजी मिळेना. नवऱ्याचा जुळत नव्हता. बापाचा जुळत होता. याचा त्यांना भारी अभिमान. "आमचं दोघांचं रक्त एकच," ते म्हणायचे, जसं काही तेवढं एक काम आयुष्यात चोख झालं होतं. ठरलं असं की दिवस भरत आले की बाबूजींनी रजा घेऊन नागपूरला जाऊन राहायचं. आणि त्याआधीच काही झालं, तर जावयाने फोन करायचा. तार नाही, फोन. "लाइन मी ठेवतो," असं त्यांनी जावयाला माझ्यासमोर बजावलं होतं. निरोप मिळाला की पहिली गाडी धरून ते पोचणार होते. सारी भिस्त त्या एका निरोपावर होती.

आणि नेमकी त्याच थंडीत, अंबिया बहाराची संत्री उतरत असताना, तपासणी लागली.

व्यापाऱ्यांनी वरपर्यंत तक्रार नेली होती की पांढुर्ण्याहून नागपूर लागता लागत नाही. तक्रार खरीच होती. जबलपूरहून तिवारी नावाचे तरुण इंजिनियर आले. सालस माणूस, चहासुद्धा विचारून घ्यायचा. पण कामाला बसला की उठायचा नाही. मागच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि तिथेच मुक्काम ठोकला. तपासणी संपेपर्यंत कोणाला रजा नाही, असा हुकूमही सोबत आला. कळंबेबाबूंची मंजूर रजा त्यात गेली. त्यांना बोर्डावरून काढून तिवारींसोबत दिलं, कारण खांब न् खांब त्यांना ठाऊक होता.

तिवारींची रीत अशी की एकेक गोष्ट तपासायची आणि ती निर्दोष ठरली की बाजूला सारायची. आधी बॅटऱ्या पाहिल्या. मग बोर्डाच्या दोऱ्या. मग एकेक लाइन बंद ठेवून तिची टोकापासून टोकापर्यंत परीक्षा. म्हणजे आधीच तीन, त्यातली एक रोज परीक्षेला. आमच्या हाती दोनच लाइनी उरल्या आणि गावाचा नुसता तळतळाट. तिन्ही लाइनी उत्तम निघाल्या. मग तिवारी चौथीकडे वळले. खराब म्हणजे कुठे खराब? दिवसभर जीपमधून खांबांच्या रांगेने फिरले, कळंबेबाबू शेजारी. तार कुठे तुटलेली नाही, कुठे झाड टेकलेलं नाही.

या सगळ्या दिवसांत बाबूजी रोज दोनदा माझ्या खुर्चीपाशी यायचे, सकाळी निघताना आणि परतल्यावर.

"बाई, नागपूरहून कोणी राम राम सांगतला?"

"नाही, बाबूजी."

त्यांचे खांदे खाली यायचे. "म्हणजे ठीक आहे," असं म्हणून ते जायचे. मला ते हसण्यासारखं वाटायचं आणि हसू मात्र येत नसे. त्यांची तब्येत उतरत चालली होती. एकदा ते मागच्या खोलीच्या दारात उभे राहिलेले मी पाहिले, तिवारींच्या पाठीकडे टक लावून. ना आत जात होते, ना मागे फिरत होते. मला वाटलं मारुतीला नमस्कार करायचा असेल.

त्या दिवशी सकाळपासून बोर्ड नुसता तापलेला होता. चौथीशी ताडून पाहायला तिवारींनी एक चांगली लाइन बंद ठेवलेली, उरलेल्या दोनांवर संत्री. नागपूरला बसलेली मुलगी नवीन होती, पण तिथे माणसं बदलतच असत. बाबूजी येऊन विचारून गेले. राम राम नव्हता. दुपार झाली. मागच्या खोलीचं दार उघडं होतं आणि तिवारींचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

"कलंबेजी, खराबी होती तो कहीं खरखराहट मिलती," ते म्हणाले. "तार ठीक है, नागपुर की तरफ भी सब ठीक है। ये खराबी नहीं है। ये लाइन किसी ने रोकी है।"

कपाटाचं झाकण निघाल्याचा आवाज आला. मी मान वळवून पाहिलं. तिवारी वाकून आत बघत होते. चार नंबरच्या जोडणीच्या दोन पात्यांमध्ये आगपेटीच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घालून ठेवलेला होता. पाती एकमेकांना टेकत नव्हती, म्हणून लाइन मेलेली. तुकडा काढला की जिवंत, घातला की खराब. मारुतीच्या तसबिरीखालचं कपाट होतं ते. एवढ्या वर्षांचा चमत्कार एका क्षणात माझ्यासमोर उघडा पडला, आणि मंदाने डबा आवरताना सांगितलेलं सगळं मला आठवलं.

"साहेब," कळंबेबाबू म्हणाले, "राहू द्या ते."

"क्यों?"

"पोरीचं बाळंतपण होऊ द्या. मग काढा. मग मले काढलं तरी चालते."

त्यांनी सगळं सांगितलं. बायकोचं सांगितलं. त्यानंतर एक लाइन मरणाच्या निरोपासाठी रिकामी ठेवली हे सांगितलं, आणि नागपूरला हे फक्त मेश्रामांना ठाऊक आहे, निकड असली की ते राम राम सांगतात आणि मग आपण तुकडा काढतो, हेही सांगितलं. तिवारी ऐकत होते. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण आवाज मऊ झाला.

"पर खुली रहेगी तो आपका भी फोन आएगा ना, कलंबेजी?"

"उघडी झाली का भरते, साहेब. रिकामी आहे म्हणूनच ते माझ्या कामाची."

तिवारींनी थोडा विचार केला आणि तुकडा ओढून काढला. त्यांच्या जागी कोणीही तेच केलं असतं. तो त्यांच्या कामाचा भागच होता.

माझ्या बोर्डावर चार नंबरचा दिवा लागला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पेटलेला पाहत होते. मी दोरी खुपसली.

"पांढुर्णा, चार नंबर सुरू झाली का तुमची?" पलीकडची मुलगी म्हणाली. "बरं झालं. सकाळपासून एक अर्जंट पडून आहे माझ्याकडे. तुमच्या दोन्ही लाइनी रिकाम्याच होत नाहीत. एन. कळंबेंना द्यायचा आहे."

"मेश्राम कुठे आहेत?" मी विचारलं.

"ते रजेवर. मुलाचं लग्न आहे, भंडाऱ्याला."

मेश्रामांनाही दोष कसा द्यावा? कळंबे रजा घेऊन नागपूरला येणार, हे कळंबेंनीच त्यांना सांगून ठेवलं होतं. ते निर्धास्त लग्नाला गेले. रजा रद्द झाली ते त्यांना कुणी कळवलं नाही, कारण या दोघांमध्ये काही ठरलेलं आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. आणि बाबूजी रोज राम रामचं विचारत राहिले, मेश्राम आहेत का हे एकदाही विचारलं नाही.

मी वळले तेव्हा ते माझ्या मागेच उभे होते. मी हेडफोन त्यांच्या हातात दिला.

"बोला, जावईबापू."

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "सकाळी?" मग पुन्हा ऐकत राहिले. "सकाळी कधी?"

दारात तिवारी येऊन उभे राहिले होते, पुठ्ठ्याचा तुकडा अजून चिमटीत.

"मी इथंच होतो, जावईबापू," कळंबेबाबू म्हणाले. "कुठं गेलो नाही. इथंच होतो." मग जरा थांबून, "पोरगी झाली? बरी आहे नं ते?"

त्यांनी हेडफोन काढला, त्याची दोरी नीट गुंडाळली आणि तो माझ्यापुढे ठेवला. तिवारींकडे वळून म्हणाले, "साहेब, चार नंबर दुरुस्त झाली. लिहून टाका." आणि स्टेशनकडे निघाले. सायकल तिथेच राहिली.

ते गेले आणि दिवा पुन्हा लागला. त्या लाइनवर मी जोडलेला पुढचा कॉल संत्र्याच्या भावाचा होता. मला रडू फुटलं होतं आणि मी तो तसाच जोडला.

रक्त वेळेवर मिळालं असतं तर मंदा वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले नाहीत. नसती वाचली, असंही कोणी म्हटलं नाही. तिवारींनी अहवालात लिहिलं की जोडणीत कचरा अडकला होता, तो काढला. यापलीकडे एक अक्षर नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग होता तो, अहवाल वाचला त्या दिवशी गेला. कळंबेबाबूंनी मात्र पुन्हा बोर्डाला हात लावला नाही. बदली मागून सौंसरला गेले, तिथे बिलांच्या टेबलावर बसले. चारही लाइनींवर पांढुर्णा बोलू लागलं आणि आठवडाभरात त्याही पुरेनाशा झाल्या.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दिवाळीला माहेरी गेले होते. सौंसरच्या बाजारातून येताना लोधीखेड्याच्या रस्त्याला ते पुढे चालताना दिसले, बोट धरून नात. तीनेक वर्षांची असेल, मंदासारखंच कपाळ. जावयाने दुसरं लग्न केलं होतं आणि पोर यांच्याकडे ठेवली होती. हाक मारावी की नाही या विचारात मी मागेमागे चालत राहिले. रस्त्याच्या कडेने टेलिफोनचे खांब होते, आणि त्या दिवशी वारं होतं, म्हणून तारा घुमत होत्या. पोरीने बोट सोडवून घेतलं, धावत जाऊन एका खांबाला कान लावला आणि डोळे मिटून ऐकू लागली. लहान मुलं करतात तसं.

"आबाजी, आतमंधी कोणी बोलून राहिलं," ती म्हणाली. "मले हाक मारून राहिलं."

कळंबेबाबू जागच्या जागी थांबले. मला वाटलं ते हसतील. ते झटकन पुढे झाले, तिला खांबापासून ओढून कडेवर घेतलं आणि तिचा तो कान आपल्या तळव्याने झाकला.

"नाही, बाई," ते म्हणाले. "कोणी नाही तिथं."

ती हात झटकत होती, तरी त्यांनी तळवा काढला नाही. तसेच ते रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि शेताच्या कडेकडेने चालू लागले. त्या बाजूला खांब नव्हते.